डोळे येणें आणि फळीवरची बाटली

मृगाच्या सरी पडून गेल्या, शाळा सुरू झाल्या, कीं आठ-पंधरा दिवसांच्या आंत कोणत्या ना कोणत्या घरीं डोळे आल्याची वार्ता कानीं येते. प्रथम एखादा लहान मुलगा शाळेंतून डोळा चोळीत घरीं येतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या पापण्या चिपडांनीं चिकटून बसलेल्या असतात. मग त्याची बहीण, मग त्याची आई, आणि आठवडा उलटतो न उलटतो तों आजी-आजोबांपर्यंत हें लोण येऊन पोंचतें. एकत्र कुटुंबांत सुख जसें वांटून घेतलें जातें तसें हें दुखणेंही वांटलें जातें. अशा वेळीं घरांतील कोणी तरी वडील माणूस फळीवरून गेल्या वर्षीची अर्धी उरलेली थेंबांची बाटली काढतो, आणि लहानथोर सर्वांच्या डोळ्यांवरून तीच एक बाटली फिरते. बहुतेकांचे डोळे आठ-दहा दिवसांत बरे होतात, श्रेय बाटलीला मिळतें, आणि ती पुढच्या पावसाळ्याकरितां पुन्हां फळीवर जाऊन बसते.

या बाटलीविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून होतें. आम्ही वैद्य नव्हों, डॉक्टरही नव्हों. आमचा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु डोळ्यांची साथ गांवांत आल्याची पहिली बातमी शाळामास्तराच्या हजेरीपटावरच उमटते, आणि अशा कित्येक साथी आम्हीं पाहिल्या आहेत. जाणत्या नेत्रवैद्यांकडून जें ऐकलें व ग्रंथांतून जें वाचलें, त्यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, ती बाटली मोठ्या उपयोगाची वस्तु आहे; पण लाल दिसणाऱ्या प्रत्येक डोळ्याचें तें औषध नव्हे, आणि विचार न करतां ती वापरली तर प्रसंगीं डोळ्यालाच मुकण्याची पाळी येते.

दुखणें एक, कारणें तीन

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आंतली बाजू यांवर एक अत्यंत पातळ व पारदर्शक अस्तर असतें. त्याला शास्त्रीय परिभाषेंत नेत्रश्लेष्मला म्हणतात. या अस्तराला सूज आली, त्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुगल्या, कीं डोळा लाल होतो, पाण्यानें भरतो आणि आंत वाळूचे कण गेल्यासारखा खुपूं लागतो. यालाच आपण डोळे येणें म्हणतों. सुश्रुतानें या रोगाला नेत्राभिष्यंद असें नांव दिलें आहे. अभिष्यंद म्हणजे पाझरणें. एवढेंच नव्हे, तर निदानस्थानांत कुष्ठ, ज्वर व शोष यांच्या पंक्तीला बसवून तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणारा रोग होय, असें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. अंगाचा स्पर्श, सहभोजन, एका अंथरुणावर निजणें, दुसऱ्याचीं वस्त्रें, माळा व उटणीं वापरणें हीं संसर्गाचीं द्वारें त्यानें त्याच ठिकाणीं गणलीं आहेत. सूक्ष्मदर्शक यंत्र निर्माण होण्यापूर्वीं कित्येक शतकें हें निरीक्षण झालें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां या पाझरण्याचीं कारणें मुख्यतः तीन आहेत. पहिलें विषाणु, दुसरें जंतु, आणि तिसरें वावडें, म्हणजे ज्याला हल्लीं ॲलर्जी म्हणतात तें. विषाणूंमुळें डोळे आले तर बहुधा पाण्यासारखा पातळ स्राव येतो, एक डोळा आधीं व दुसरा मागून लाल होतो, पुष्कळदां सर्दी-पडसें सोबत असतें, आणि कानापुढें लहानशी गांठ हाताला लागते. जंतूंमुळें आले तर दाट, पिंवळट किंवा हिरवट पू येतो आणि सकाळीं पापण्या इतक्या चिकटतात कीं कोमट पाण्यानें भिजविल्यावांचून उघडत नाहींत. वावडें असेल तर खाज फार, दोन्ही डोळे एकदम, आणि शिंकांचीही जोड. हीं लक्षणें नेहमीं अशीं रेखून दिल्याप्रमाणें वेगळीं असतातच असें नाहीं; अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या पाहण्यानें निर्णय करणें पुष्कळदां कठीण जातें. तथापि इतकें निश्चित कीं, मोठ्या माणसांत विषाणूंचें प्रमाण अधिक असतें आणि लहान मुलांत जंतूंचें प्रमाण बरेंच असतें.

गांवेंच्या गांवें व्यापणाऱ्या मोठ्या साथी मात्र बहुतेक विषाणूंच्याच असतात. १९६९ सालीं आफ्रिकेंतील घाना देशांत, आक्रा शहरीं, डोळ्यांत रक्त उतरविणारी एक नवी साथ उद्भवली. त्याच वर्षीं अपोलो ११ या यानांतून मनुष्य चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनीं या रोगाला अपोलोचेंच नांव देऊन टाकलें. तीच साथ १९७१ सालीं आपल्या देशांत आली. बंगालमध्यें त्या वेळीं पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्यामुळें तेथें तिला ‘जय बांगला’ म्हणूं लागले. मुंबईलाही तिनें ग्रासलें. आणि डोळे बरे झाल्यावर कांहीं रोग्यांच्या पायांतील शक्ति गेल्याचें मुंबईचे मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनीं जगापुढें मांडलें. २०२३ च्या पावसाळ्यांत आळंदीच्या परिसरांतील शाळकरी मुलांत डोळ्यांची साथ दिसूं लागली, आणि मग महाराष्ट्रभर घरोघरीं काळे चष्मे दिसूं लागले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. अशा विषाणुजन्य साथींत जंतुनाशक थेंबांचा मूळ रोगावर कांहींएक परिणाम होत नाहीं, ही गोष्ट मनावर बिंबविली पाहिजे.

थेंब काय करतात

याचें कारण समजण्यास फार शास्त्र लागत नाहीं. जंतु हा स्वतंत्र जीव आहे. त्याला स्वतःचें शरीर आहे, स्वतःचा प्रपंच आहे, आणि तो चालविण्याचीं त्याचीं साधनें आपल्या शरीरांतील साधनांहून निराळीं आहेत. प्रतिजैविक म्हणून जें औषध ओळखलें जातें तें नेमकें या निराळेपणावर घाव घालतें. कोणतें औषध जंतूंचें प्रथिनें बनविण्याचें काम बंद पाडतें, तर कोणतें त्यांची वाढ ज्या बीजद्रव्यावर अवलंबून असते त्याची नक्कल होऊं देत नाहीं. विषाणूला असा स्वतःचा संसारच नाहीं. तो आपल्याच पेशींत शिरून आपल्याच साधनांवर पोट भरतो. ज्या घरांत चूलच नाहीं त्या घराची चूल विझविण्यास निघालेल्या माणसाची जी गत, तीच विषाणूंपुढें प्रतिजैविकांची.

पण जेथें जंतु आहेत तेथें या औषधांचा गुण थोर आहे, हेंही तितकेंच खरें. एके काळीं युरोपांतील प्रसूतिगृहांत जन्मलेल्या कित्येक अर्भकांचे डोळे, मातेच्या शरीरांतील परम्याच्या जंतूंमुळें, जन्मानंतर थोड्याच दिवसांत पुवानें भरून कायमचे जात. जर्मनींतील लायप्झिग येथील कार्ल क्रेडे या प्रसूतिवैद्यानें १८८० च्या सुमारास नवजात मुलांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब घालण्याची वहिवाट सुरू केली, आणि शंभरांत दहा मुलांना होणारा तो रोग शंभरांत एकाच्याही खालीं उतरला. तें आजच्या अर्थानें प्रतिजैविक नव्हतें. पण योग्य वेळीं पडलेला एक थेंब काय करूं शकतो याचा तो पहिला मोठा पुरावा होय. पुढें १९४७ सालीं व्हेनेझुएला देशांत, कारकास शहराजवळच्या मातींतील एका सूक्ष्म जीवापासून क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध मिळालें, आणि दोनच वर्षांत तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनवितां येऊं लागलें. डोळ्यांच्या थेंबांत व मलमांत तें आजही वापरलें जातें. आपल्याकडे हल्लीं मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, टोब्रामायसिन हीं नांवें डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अधिक आढळतात. नांवें निराळीं, पण काम एकच: डोळ्यांतील जंतु मारणें किंवा त्यांची वाढ थांबविणें.

थेंब घालावे कीं वाट पाहावी

येथें एक प्रश्न उभा राहतो. जंतूंमुळेंच डोळे आले आहेत असें मानलें, तरी थेंब घातलेच पाहिजेत काय? इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या आसपास ३२६ मुलांवर या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेण्यांत आला व त्याचा निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब देण्यांत आले, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. कोणाला काय मिळालें हें मुलांच्या आईबापांस ठाऊक नव्हतें. सातव्या दिवशीं औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८६ मुलें बरीं झालीं होतीं, आणि औषध न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८३. फरक अवघा तीनांचा! याचा अर्थ थेंब निरुपयोगी आहेत असा नव्हे. थेंबांनीं रोग थोडा लवकर आटोपतो, हें इतर संशोधनांतही आढळून आलें आहे. याचा अर्थ एवढाच कीं, साध्या, सौम्य स्वरूपाच्या दुखण्यांत निसर्ग आपलें काम स्वतःच करीत असतो, आणि दोन-तीन दिवस स्वच्छता राखून वाट पाहणें हा निष्काळजीपणा नसून शहाणपणा असूं शकतो. वाट पाहावी कीं नाहीं, हा निर्णय मात्र डॉक्टरांनीं डोळा पाहून करावयाचा आहे.

कांहीं डोळ्यांच्या बाबतींत एक दिवसही दवडूं नये. महिन्याच्या आंतील अर्भकाच्या डोळ्यांतून पू येऊं लागला तर त्याला तडक रुग्णालयांत न्यावें. तेथें नुसत्या थेंबांनीं भागत नाहीं. डोळा नुसता खुपत नसून ठणकत असेल, उजेड मुळींच सहन होत नसेल, दृष्टि मंद झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, पू वारंवार पुसूनही भरून येत असेल, डोळ्याला कांहीं लागलें असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या तरुण मुला-मुलींचा डोळा लाल झाला असेल, तर तें ‘डोळे येणें’ नव्हे असें समजून त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. चार दिवस थेंब घालूनही उतार पडत नसेल तरीही तोच मार्ग.

बाटलींतील छुपा शत्रु

फळीवरच्या बाटलीचा खरा धोका यापुढेंच आहे. डोळ्यांच्या पुष्कळ बाटल्यांत प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखें स्टेरॉइड मिसळलेलें असतें. नांव जवळ जवळ सारखें, वेष्टण सारखें, आणि गुण तर चमत्कारासारखा; कारण स्टेरॉइडनें लाली एका दिवसांत उतरते. लाली उतरली म्हणजे रोग गेला असें घरच्या माणसांना वाटतें. वस्तुतः स्टेरॉइड शरीराची प्रतिकाराची शक्तिच झोंपवीत असतें. कारण जर नागिणीच्या जातीचा विषाणु असेल, किंवा बुबुळाला बुरशी लागली असेल, तर पहारेकऱ्याला झोंपवून चोराला वाट मोकळी करून दिल्यासारखें होतें. तेंच औषध महिनेच्या महिने घालीत राहिल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदु होतो, मोतीबिंदु अकालीं येतो. आणि काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. ऊस तोडीत असतां पानाची धार त्यांच्या डोळ्याला घांसून गेली. डोळा लाल झाला. तालुक्याच्या गांवीं एका दुकानदारानें, कोणाचीही चिठ्ठी न मागतां, हातांत बाटली दिली. दोन दिवसांत लाली ओसरली, म्हणून त्यांनीं पुन्हां कामाला आरंभ केला. आठवड्याच्या शेवटीं डोळा ठणकूं लागला. पुन्हां तेच थेंब. शहरांतील नेत्रवैद्यानें पाहिलें तेव्हां बुबुळावर बुरशीचा व्रण खोल गेला होता. बुरशीवरच्या औषधानें डोळा कसाबसा राहिला, पण बुबुळावर फूल पडलें तें पडलेंच. त्या बाटलींत प्रतिजैविक होतें, तें बुरशीला लागू पडत नाहीं. आणि स्टेरॉइड होतें, त्यानें बुरशीचीच चाकरी केली. ऊस, भात, ज्वारी यांच्या पात्यांनीं, कुसळांनीं वा तुसांनीं ओरबाडलेला डोळा हा ‘आलेला’ डोळा नव्हे, हें शेतावर जाण्यायेण्याचा संबंध असलेल्या प्रत्येक घरांत ठाऊक असावें. प्रतिजैविकें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा आपल्या देशाचा नियम आहे. नियम दुकानदार पाळीत नसेल तर तो आपण पाळावा.

थेंब घालण्याची रीत

डॉक्टरांनीं थेंब दिले असतील तर ते नीट घालणें हीही एक विद्या आहे. प्रथम साबणानें हात धुवावे. डोळ्याच्या कडांवरील चिपडें उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें, नाकाकडून कानाकडे, एकदांच पुसून तो कापूस टाकून द्यावा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस. मग मान मागें झुकवून, खालची पापणी बोटानें हलकेच खालीं ओढावी, म्हणजे तेथें एक लहानशी खोबण तयार होते. तींत एकच थेंब टाकावा. त्या खोबणींत एका थेंबाहून अधिक औषध मावतच नाहीं. दुसरा थेंब गालावरून ओघळून फुकट जातो. बाटलीचें तोंड पापणीला किंवा बोटाला लागूं देऊं नये. लागलें कीं बाटलींतच जंतूंची वसाहत सुरू झाली असें समजावें. थेंब पडल्यावर डोळा शांतपणें मिटून नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटें बोटानें दाबून धरावा. तेथून अश्रूंची नळी नाकांत उतरते. ती दाबल्यानें औषध डोळ्यांत राहतें आणि घशांत कडू चव उतरत नाहीं. दोन निरनिराळे थेंब असतील तर मध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावीं. थेंब आधीं, मलम मागून. मलमानें कांहीं वेळ धूसर दिसतें, म्हणून तें निजतेवेळीं बरें. सांगितलेल्या वेळां चुकवूं नयेत, आणि डोळा स्वच्छ दिसूं लागला म्हणून सांगितलेल्या दिवसांपूर्वीं औषध थांबवूं नये. मूल रडत असेल तर त्याला उताणें निजवून, मिटलेल्या डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यावर थेंब ठेवावा. त्यानें डोळा उघडतांच औषध आपोआप आंत जातें.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी, आणि चार आठवडे झाले कीं ती, अर्धी असो वा पाऊण, टाकून द्यावी. दहा-वीस रुपयांचें औषध फेंकून देणें काटकसरी गृहिणीच्या जिवावर येतें हें आम्ही जाणतों. परंतु ही काटकसर नव्हे, जोखीम होय.

सोवळें कोठें पाळावें

शेवटची आणि आमच्या मतें सर्वांत मोठी गोष्ट घरांतील शिस्तीची. आलेल्या डोळ्यांकडे नुसतें पाहिल्यानें डोळे येतात, ही समजूत अजून सुशिक्षित घरांतही आढळते. नजरेनें रोग जात नाहीं. तो जातो हातानें, पंचानें, उशीनें आणि आईच्या पदरानें. एका पदरानें धाकट्याचा डोळा पुसावयाचा आणि त्याच पदरानें थोरल्याचें तोंड. एका डबींतून, एका बोटानें चौघां भावंडांना काजळ घालावयाचें. आणि एक बाटली सगळ्या डोळ्यांना टेकवीत फिरवावयाची, यापेक्षां साथीला आणखी मोठें आमंत्रण तें कोणतें? काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, एवढाच त्याचा गुण. तो घरच्या माणसांचें रक्षण करीत नाहीं.

आमच्या लहानपणीं घरोघरीं सोवळ्याचा पंचा निराळ्या दांडीवर वाळत असे, आणि त्याला चुकूनही कोणाचा हात लागत नसे. त्या आचारामागची भावना कोणतीही असो. तो नेम कसोशीनें पाळण्याची जी संवय त्या पिढीला होती, ती संवय डोळ्यांच्या साथींत सोन्यासारखी उपयोगी पडेल. रुग्णाचा पंचा, उशीचा अभ्रा, हातरुमाल व थेंबांची बाटली हीं आठ-दहा दिवस निराळीं ठेवावीं. अभ्रे व पंचे रोज गरम पाण्यांत धुऊन कडक उन्हांत वाळवावे. डोळ्याला हात लावण्यापूर्वीं व लावल्यानंतर साबणानें हात धुवावे. काजळ, सुरमा, मध, गुलाबपाणी, आईचें दूध यांपैकीं कांहींही डोळ्यांत घालूं नये. आणि स्राव थांबेपर्यंत मुलाला शाळेंत पाठवूं नये. हजेरीची टक्केवारी बुडेल म्हणून डोळे आलेल्या मुलाला चष्मा लावून वर्गांत बसविणारे पालक आम्हीं पुष्कळ पाहिले. त्यांच्या एका मुलाच्या हजेरीपायीं वर्गांतील दहा मुलांची गैरहजेरी लागे.

साध्या दुखण्यांत स्वच्छता व धीर, जंतूंच्या दुखण्यांत डॉक्टरांनीं दिलेले थेंब पूर्ण मुदतीपर्यंत, आणि ठणकणाऱ्या किंवा अंधुक होणाऱ्या डोळ्याला विनाविलंब नेत्रवैद्य, असा हा क्रम आहे. वाचकांनीं हें पान मिटण्यापूर्वीं आपापल्या घरांतील औषधांची फळी एकदां पाहावी, आणि तेथें गेल्या पावसाळ्यांतील बाटली उभी असेल तर ती आजच टाकून द्यावी, एवढीच आमची विनंति आहे.